भिंत उभारणारा, भिंत पाडणारा महापौर

अमेरिकेच्या दक्षिण भागात 1960 च्या सुमारास गोरे आणि कृष्णवर्णीय यांचे जगणे वेगवेगळे होते. शाळा वेगळ्या, बसण्याच्या जागा वेगळ्या, पाणी प्यायचे नळही वेगळे. याच काळात जॉर्जिया राज्यातील ॲटलांटा शहराचा कारभार एका व्यापाऱ्याच्या हाती आला. त्यांचे नाव आयव्हन ॲलन (ज्युनियर).

त्यांचा जन्म 1911 चा. वडिलांचा कार्यालयीन साहित्याचा व्यवसाय त्यांनी वाढवला. पैसा, प्रतिष्ठा, ओळखी, सारे काही होते. भेदभावाची पद्धत त्यांनाही इतर गोऱ्यांप्रमाणे वावगी वाटत नव्हती. 1950 च्या दशकात गव्हर्नरपदासाठी प्रयत्न करताना त्यांनी तिचीच बाजू घेतली होती.

पुढे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ॲटलांटातील दुकानांच्या उपाहारगृहांत ठिय्या आंदोलन सुरू केले. ॲलन तेव्हा शहराच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष होते. दुकानदार आणि कृष्णवर्णीय नेते यांच्यात 1961 मध्ये जो समझोता झाला, त्यात त्यांनी मध्यस्थी केली. त्याच वर्षी भेदभावाचे कट्टर समर्थक लेस्टर मॅडॉक्स यांना हरवून ते महापौर झाले. या विजयात कृष्णवर्णीय मतदारांचा वाटा मोठा होता.

जानेवारी 1962 मध्ये पदभार घेताच त्यांनी महापालिकेच्या इमारतीतील गोऱ्यांसाठी व काळ्यांसाठी असलेल्या वेगळ्या पाट्या काढायला लावल्या. कृष्णवर्णीय पोलिसांना तोपर्यंत गोऱ्या माणसाला अटक करता येत नसे. तो अधिकार त्यांना मिळाला.

मात्र त्याच वर्षी त्यांच्या हातून मोठी चूक घडली. गोऱ्यांच्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबे घरे घेतील या भीतीने रहिवासी अस्वस्थ झाले, तेव्हा ॲलन यांनी पेटन रोडवर अडथळे उभे केले. लोक त्याला ॲटलांटाची भिंत म्हणू लागले. देशभर टीका झाली. मार्च 1963 मध्ये न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. ॲलन यांनी अपील केले नाही. निकाल येताच अडथळे काढून टाकले.

त्यानंतर काही महिन्यांतच त्यांची खरी कसोटी लागली. सार्वजनिक ठिकाणचा भेदभाव बंद करणाऱ्या कायद्याच्या बाजूने सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यावी, अशी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची इच्छा होती. यामुळे पुढची निवडणूक हातची जाईल, असे अनेकांनी बजावले. तरी जुलै 1963 मध्ये ते वॉशिंग्टनला गेले आणि त्यांनी उघडपणे कायद्याची बाजू मांडली. धमक्या आल्या, जुने मित्र दुरावले. 1965 मध्ये मात्र मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले.

मार्टिन ल्यूथर किंग ॲटलांटाचेच. त्यांना नोबेल मिळाल्यावर शहरातील गोरे उद्योगपती सत्काराला तयार नव्हते. ॲलन आणि कोका-कोला कंपनीच्या धुरिणांनी त्यांची मने वळवली. जानेवारी 1965 मध्ये झालेल्या मेजवानीत दोन्ही वर्णांचे लोक एकाच सभागृहात जेवायला बसले.

सप्टेंबर 1966 मध्ये पोलिसांच्या गोळीबारानंतर समरहिल वस्तीत दंगल उसळली. ॲलन स्वतः तेथे गेले आणि जमावाशी बोलण्यासाठी पोलिसांच्या गाडीवर चढले. जमावाने गाडी हलवून त्यांना खाली उतरायला भाग पाडले. तरीही ते वस्ती सोडून गेले नाहीत.

4 एप्रिल 1968 रोजी मेम्फिसमध्ये किंग यांच्यावर गोळी झाडली गेली. ॲलन किंग यांच्या घरी गेले आणि त्यांच्या पत्नी कोरेटा यांना घेऊन विमानतळावर पोहोचले. किंग यांचे निधन झाल्याचे कोरेटा यांना तेथे ॲलन यांनीच सांगितले. त्या आठवड्यात अमेरिकेतील शंभराहून अधिक शहरे पेटली. ॲटलांटा शांत राहिले. अंत्ययात्रेला लाखाहून अधिक लोक आले, तरी अनुचित प्रकार घडला नाही.

जानेवारी 1970 मध्ये ॲलन पायउतार झाले आणि पुन्हा आपल्या व्यवसायाकडे वळले. 2003 मध्ये, वयाच्या 92 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या शहरात त्यांनी भिंत उभारली होती, त्या शहराने 1973 मध्ये मेनार्ड जॅक्सन यांच्या रूपाने पहिला कृष्णवर्णीय महापौर निवडला, हे त्यांना पाहता आले.