सुभेदार रामजी सकपाळ : छावणीतून नागरी जीवनाकडे

१९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणूक लढविणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या जिल्ह्यास सुपरिचित आहेत. त्यांना घडविणारे त्यांचे पिता मात्र आपल्या स्मरणात क्वचितच येतात.

रामजी मालोजी सकपाळ यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील मालोजी लष्करात होते; रामजींनीही तीच वाट धरली. त्या काळी पलटणीत सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. रामजींनी चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले आणि सुभेदार या हुद्द्यापर्यंत मजल मारली. १८९१ साली महू येथील छावणीत भीमरावांचा जन्म झाला.

१८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले. छावणीत हुद्द्याला मान होता. छावणीबाहेर प्रथम जात विचारली जाई. त्याच दशकात महारांची सैन्यभरतीही बंद झाली. ज्या दाराने दोन पिढ्या माणसांत आल्या, ते दारच मिटले. या अन्यायाविरुद्धच्या अर्जासाठी रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतले.

दापोलीनंतर कुटुंब साताऱ्यास आले. तेथेच भीमाबाईंचे निधन झाले. पुढे दुष्काळी कामावर रोखपालाची नोकरी पत्करून रामजी गोरेगाव येथे राहू लागले. काल सैनिकांना धडे देणारे हात आता मजुरीचे हिशेब लिहू लागले. १९०१ साली त्यांनी मुलांना सुटीत बोलावले. मुलांच्या आगमनाचे पत्र शिपायाच्या विसरभोळेपणामुळे त्यांच्या हाती पडले नाही, आणि मसूर स्थानकावर मुलांना घ्यायला कोणीच आले नाही. नीटनेटके कपडे पाहून आपुलकीने चौकशी करणारे स्टेशनमास्तर जात कळताच दूर सरले. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही गाडीत बसेना. मुलांनाच गाडी हाकावी लागली. सोबत शिदोरी होती, पण पाण्याचा घोट मिळेना. सुभेदाराच्या मुलांची रात्र तहानेत गेली.

पित्याचा हुद्दा मुलांना सावली देऊ शकला नाही. पण रामजी खचले नाहीत. लष्करातून त्यांनी शिस्त आणि विद्येचा ध्यास तेवढा सोबत आणला होता. मुंबईला परळच्या चाळीतील एका खोलीत ते पहाटे दोनच्या सुमारास उठून भीमरावांना अभ्यासास बसवीत. पुस्तकांसाठी मुलींकडे हात पसरण्यातही त्यांनी कमीपणा मानला नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, १९१२ साली पदवीधर झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी देह ठेवला. पुत्राचे परदेशगमन त्यांना पाहता आले नाही.

हुद्दा निवृत्तीबरोबर मागे राहतो. अंगी बाणलेली विद्या व शिस्त मात्र माणसाबरोबर चालते आणि पुढच्या पिढीस पोहोचते. वसतिगृहाच्या दिव्याखाली अभ्यास केलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना आणि पोटाला चिमटा घेऊन मुलांना येथे धाडणाऱ्या पालकांना या निवृत्त सुभेदाराचे जीवन म्हणूनच जवळचे वाटावे.