मालाबरोबर जहाजही आपले : वालचंद हिराचंद

बेळगावनजीकच्या सांबरा येथील धावपट्टी १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिश हवाई दलाने उभारली. गोमंतकीयांना आज परिचित असलेल्या बेळगाव विमानतळाचा हा आरंभ. त्याच वर्षी बंगळूरमधील ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ हा कारखाना सरकारने आपल्या ताब्यात घेतला आणि ज्या उद्योजकाने दोन वर्षांपूर्वी त्याचा पाया घातला होता, त्याला मोबदला देऊन बाजूला केले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. परंतु त्या काळची रीत दोहोंतूनही दिसते. भूमी आणि श्रम या देशाचे असावेत, यंत्र आणि त्यावरील हुकमत मात्र परक्यांची असावी, अशी ती रीत होती. शेठ वालचंद हिराचंद यांचे सारे आयुष्य तिच्याशी झगडण्यात गेले.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका गुजराती जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, परंतु पदवी त्यांनी घेतली नाही. पिढीजात पेढीतही त्यांचे मन रमेना. रेल्वेतील लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून ते बांधकामाच्या कंत्राटांत उतरले. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेली ही वाट त्यांना मुंबईच्या उद्योगविश्वात घेऊन गेली.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकावयाचे असल्याचे त्यांना कळले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्या साथीने त्यांनी ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ ही कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जहाज मिळाले, पण खरी अडचण पुढे होती. भारत आणि इंग्लंड यांच्यातील सागरी व्यापार त्या काळी ‘कॉन्फरन्स’ म्हटल्या जाणाऱ्या जहाज कंपन्यांच्या संघांच्या हाती होता. हे संघ मालाचे भाडे ठरवीत आणि व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्याचा काही हिस्सा काही महिने स्वतःकडे अडकवून ठेवीत. त्या काळात व्यापाऱ्याने सारा माल संघाच्याच जहाजांतून पाठविला, तर तो हिस्सा परत मिळे. एखादे गाठोडे जरी परक्या जहाजावर चढविले, तरी सारी सूट बुडे. नव्या कंपनीचे भाडे कितीही कमी असले, तरी अडकलेल्या पैशापायी व्यापारी तिच्याकडे फिरकत नसे. कायद्याने कोणावर बंदी नव्हती, पण वाट मात्र बंद होती.

किनाऱ्यावरील वाहतुकीत लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने दरयुद्ध पुकारले. भाडे इतके खाली आणले गेले की नवी कंपनी बुडणार हे जवळजवळ ठरल्यासारखेच होते. अखेर १९२३ साली सिंदियाला दहा वर्षांचा करार करावा लागला. तिला संघात प्रवेश मिळाला, परंतु ताफा ७५ हजार टनांपुरता राहील आणि ती परदेशी मार्गावर उतरणार नाही, या अटींवर. ज्या लंडनच्या वाटेने पहिले जहाज गेले, तीच वाट अशी कागदावर बंद झाली. वालचंदांच्या मनाला हा करार सतत डाचत राहिला. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींचे अपघाती निधन झाले आणि कंपनीची धुरा वालचंदांकडे आली. १९५० पर्यंत ती त्यांनी वाहिली.

संघाशी एकट्या व्यापाऱ्याला झुंजता येत नाही, हा या प्रकरणाचा धडा होता. संघाला उत्तर संघानेच द्यावे लागते. मुंबईत इंग्रज व्यापाऱ्यांचे चेंबर १८३६ पासून होते आणि भारतीय व्यापाऱ्यांनी आपले स्वतंत्र चेंबर १९०७ मध्ये काढले होते. परंतु मुंबईबाहेरच्या पेठांचा आवाज या सभागृहांत क्वचितच पोहोचे. ही उणीव ओळखून वालचंदांनी १९२७ साली ‘महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स’ची स्थापना केली. १९३२-३३ मध्ये ते भारतीय वाणिज्य महासंघाचे अध्यक्ष झाले. नेमक्या त्याच वेळी ओटावा येथे भारत आणि ब्रिटन यांच्यात परस्परांच्या मालाला जकातीत सवलत देणारा करार झाला. वरकरणी तो दोन्ही बाजूंचा होता, परंतु भारताच्या वतीने सही करणारेही ब्रिटिश सरकारच्याच नेमणुकीतले होते. भारतीय व्यापारी संघटनांनी त्याला विरोध केला आणि १९३६ साली मध्यवर्ती विधिमंडळाने तो करार संपविण्याच्या बाजूने कौल दिला.

मधल्या काळात सिंदियाचा पसारा वाढत गेला. मुंबई, कोकण आणि गोवा यांच्या दरम्यान आगबोटी चालविणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनीही पुढे तिच्या छत्राखाली आली. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतरण झाले. विमान कारखाना मात्र हातून गेला होता आणि जहाज कारखान्याचीही बहुतांश मालकी १९५२ मध्ये सरकारकडे गेली.

वालचंदांच्या चरित्राला दुसरी बाजूही आहे. स्वतः मक्तेदारीशी झुंजलेली सिंदिया मोठी झाल्यावर लहान भारतीय कंपन्यांना तिची धास्ती वाटू लागली. सरकारशी भांडणारे वालचंद सरकारी कंत्राटांवरही विसंबून होते. आवाक्याबाहेरचे बेत आखण्याची त्यांची वृत्ती सहकाऱ्यांना अनेकदा चिंतेत टाकी. परंतु त्या धाडसाविना लॉयल्टीने बंदर सोडलेच नसते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५६ मध्ये, मुंबईत इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले. दोन्ही देशांतील उद्योग तेथे सभासद म्हणून एकत्र बसतात. भागीदार शोधणे, बाजारपेठेची माहिती पुरविणे, अडचणी सरकारपुढे मांडणे ही कामे अशा द्विपक्षीय संस्था करतात. भाडे अडकवून व्यापाऱ्याला जखडणाऱ्या जुन्या संघांहून हा प्रकार निराळा आहे. गोव्यातही पोर्तुगीज अमदानीत, १९०८ साली, व्यापाऱ्यांनी आपली संघटना उभी केली होती. आजचे गोवा चेंबर ही तिचीच परंपरा होय.

आज बेळगाव जिल्ह्यातील हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग बनतात आणि परदेशी कंपन्यांच्या विमानांत बसविले जातात. सुटे भाग आपण घडवितो, विमानाचा आराखडा आणि त्यावरील नाव अजून दुसऱ्यांचे असते. सांबऱ्याच्या धावपट्टीवर उतरणारे विमानही बहुधा बाहेरच्याच देशात जुळविलेले असते. १९१९ साली वालचंदांनी जहाजाबाबत विचारलेला प्रश्न विमानाबाबत अद्याप उत्तराच्या प्रतीक्षेत आहे. व्यापाराच्या करारांवर आणि मंडळांच्या बैठकांत आपली माणसे बसतात, हे खरे. ती कोणत्या बळावर बसतात, याचा हिशेब मात्र कारखान्यांत आणि बंदरांतच होतो.