हिशेब विचारणारे नामदार गोखले

आपल्या परभणी जिल्ह्यात ज्वारी पिकते, कापूस पिकतो, तूर पिकते. पण मीठ तयार होत नाही. ते दूर समुद्रकाठच्या मिठागरांतून येते. घर गरिबाचे असो की श्रीमंताचे, मिठाशिवाय चूल पेटून उपयोग नाही. श्रीमंत माणूस गरिबापेक्षा दहापट मीठ खात नाही. म्हणून मिठावर कर बसला की त्याचा भार गरिबालाच जास्त जाणवतो.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रज सरकारने मिठावर असा जबर कर बसवला होता. १८८८ साली तो वाढवून एका मणाला अडीच रुपये करण्यात आला. तो मण म्हणजे आजचे सुमारे ३७ किलो. हा कर मीठ बाजारात येण्यापूर्वीच वसूल होई आणि गिऱ्हाईक तो मिठाच्या किमतीतून भरी. सरकारला याचा जाब कोण विचारणार? हा जाब विचारणाऱ्या एका शिक्षकाची माहिती आज तुम्ही वाचणार आहात. त्यांचे नाव गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. त्यांचे वडील कागल येथे नोकरीला होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना वडील वारले. घरावर संकट कोसळले. थोरले भाऊ गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली. त्या पंधरा रुपयांतून ते दरमहा आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. मित्रांनो, हा हिशेब लक्षात ठेवा. एकेक रुपयाची किंमत काय असते, हे गोखले शाळेच्या पुस्तकातून नव्हे, तर भावाच्या त्यागातून शिकले.

गोखले कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथे शिकले आणि १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, बी. ए. झाले. त्या काळी पदवीधर तरुणाला चांगल्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळू शकत असे. परंतु गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय शिकवले. पगार महिना पंच्याहत्तर रुपये होता. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक अनेक शाळांत चालत असे.

पुण्यातच त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखे गुरू लाभले. रानडे शिस्तीचे होते. कोणत्याही विषयावर लिहायचे असेल, तर आधी सरकारी अहवाल वाचावेत, आकडे तपासावेत, मगच लेखणी उचलावी, असा त्यांचा नियम होता. गोखल्यांनी लिहिलेले कागद ते बारकाईने तपासत आणि चुका दाखवत. गोखले महाविद्यालयात शिक्षक होते. पण रानड्यांच्या घरी ते विद्यार्थीच होते.

१८९७ साली या अभ्यासाची कसोटी लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लंडनमध्ये एक आयोग बसला होता. त्याला वेल्बी आयोग म्हणतात. दादाभाई नौरोजी त्या आयोगाचे सभासद होते. साक्ष देण्यासाठी हिंदुस्थानातून दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि गोखले विलायतेला गेले. गोखले तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. आयोगाच्या सभासदांनी त्यांना उलटसुलट प्रश्न विचारले. गोखल्यांनी आकड्यांसह उत्तरे दिली. या तयारीत त्यांना गणेश व्यंकटेश जोशी यांची मोठी मदत झाली. हे जोशी कोणी मंत्री किंवा बॅरिस्टर नव्हते. तेही शाळेतले शिक्षकच होते. पण सरकारी जमाखर्चाचा त्यांचा अभ्यास फार खोल होता.

याच प्रवासात गोखल्यांना एक कडू धडाही मिळाला. त्या वर्षी पुण्यात प्लेगची साथ होती. साथ आटोक्यात आणण्यासाठी नेमलेल्या सैनिकांनी लोकांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना पुण्याहून आली होती. त्यांवर विसंबून त्यांनी लंडनमध्ये गंभीर आरोप केला. परत आल्यावर मात्र पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांच्यावर खूप टीका केली. पण या प्रसंगानंतर सरकारविरुद्ध बोलताना पुराव्याची खात्री करून घेण्याची त्यांची सवय अधिकच पक्की झाली.

काही काळ मुंबईच्या कायदेमंडळात काम केल्यानंतर १९०२ साली गोखले कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात गेले. या मंडळाच्या सभासदांना नामदार म्हणत. म्हणूनच आजही लोक त्यांना नामदार गोखले या नावाने ओळखतात.

हे कायदेमंडळ आजच्या विधानसभेसारखे नव्हते, हे ध्यानात घ्या. स्वतः व्हाइसरॉय अध्यक्षस्थानी बसत. बहुसंख्य सभासद सरकारी अधिकारी असत. दरवर्षी मार्च महिन्यात सरकारचा अर्थखात्याचा सभासद अंदाजपत्रक मांडत असे. अंदाजपत्रक म्हणजे बजेट. येत्या वर्षात किती पैसा जमा होईल आणि तो कशावर खर्च होईल, याचा आधी मांडलेला हिशेब. १८९२ च्या कायद्याने सभासदांना या अंदाजपत्रकावर बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची परवानगी मिळाली होती. पण त्यावर मत देता येत नव्हते. सभासद कितीही चांगले बोलला, तरी एक रुपयाही कमी किंवा जास्त करण्याचा अधिकार त्याला नव्हता. आणि आपला परभणी जिल्हा तर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथील लोकांनी निवडून दिलेला कोणीही त्या सभागृहात नव्हता.

२६ मार्च १९०२ रोजी गोखले आपल्या पहिल्या अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. त्या वर्षी सरकारजवळ सुमारे सात कोटी रुपये शिल्लक उरले होते. अर्थखात्याचे सभासद सर एडवर्ड लॉ यांना या शिलकीचे समाधान होते. इतरांनी सरकारचे अभिनंदन केले. गोखल्यांनी मात्र सांगितले की या अभिनंदनात आपण मनापासून सामील होऊ शकत नाही. सभागृहात बसलेल्यांना हे अनपेक्षित होते.

त्यांचे म्हणणे काय होते, ते नीट समजून घ्या. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी मोठी रक्कम इंग्लंडला पाठवावी लागे. ती पौंडांत द्यावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुपयाची किंमत इतकी घसरली होती की, एका पौंडासाठी अठराहून अधिक रुपये मोजावे लागत. ही तूट भरून काढण्यासाठी सरकारने कर वाढवले. पुढे रुपया सुधारला आणि एका पौंडाला पंधरा रुपये पुरू लागले. म्हणजे सरकारचा खर्च कमी झाला. पण वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. साहजिकच सरकारच्या तिजोरीत पैसा उरू लागला.

आता गोखल्यांचा सवाल पाहा. ही शिल्लक देश श्रीमंत झाल्यामुळे उरली आहे, की लोकांकडून गरजेपेक्षा जास्त पैसा घेतल्यामुळे? नुकताच १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ होऊन गेला होता. माणसे आणि गुरे मेली होती. अशा वेळी सरकारची तिजोरी भरलेली आणि शेतकऱ्याची कणगी रिकामी असेल, तर त्या शिलकीला चांगल्या कारभाराची खूण म्हणता येईल काय? गोखल्यांनी हे सारे सरकारच्याच अहवालांतील आकडे देऊन मांडले. मिठावरचा कर कमी करावा, लहान उत्पन्न असलेल्यांना प्राप्तिकरातून सोडावे, लष्करावरील खर्च आवरावा आणि उरलेला पैसा शिक्षणावर लावावा, अशा मागण्या त्यांनी केल्या.

त्या दिवशी सभागृहात काहीच बदलले नाही. अंदाजपत्रक जसेच्या तसे राहिले. पण पुढच्याच वर्षी, १९०३ साली, मिठावरचा कर अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्याच वर्षी प्राप्तिकराची मर्यादा पाचशे रुपयांवरून एक हजार रुपयांवर गेली. १९०५ साली मिठावरचा कर दीड रुपया झाला आणि १९०७ साली एक रुपया. कर उतरला तसा मिठाचा खप वाढला. म्हणजे आधी लोक मीठसुद्धा हात आखडून खात होते, हे सिद्ध झाले. हे एकट्या गोखल्यांचे यश नव्हते. मिठाच्या कराविरुद्ध पुष्कळांनी आवाज उठवला होता. पण सरकारला दरवर्षी मार्च महिन्यात त्यांच्या आकड्यांना उत्तर द्यावे लागे, ही गोष्टही खरी आहे.

१९०५ साली गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच वर्षी ते बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानत. मात्र गोखल्यांच्या मनात एक विषय सतत घोळत होता, तो म्हणजे शाळा. हिंदुस्थानातील पाचपैकी चार गावांत शाळाच नाही, हे १९०४ साली खुद्द सरकारने आपल्या ठरावात मान्य केले होते. सैन्याला आणि रेल्वेला पैसा मिळतो, मग मुलांच्या शाळेला का मिळू नये? बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. एक संस्थान जे करू शकते, ते एवढे मोठे सरकार का करू शकत नाही, असा गोखल्यांचा प्रश्न होता.

मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे करण्याचा अधिकार नगरपालिका आणि जिल्हा मंडळांना मिळावा, महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या पालकांकडून फी घेऊ नये, आणि खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने उचलावा, अशी त्यांची योजना होती. सुरुवात मुलांपासून करून पुढे मुलींनाही त्यात घ्यायचे होते. मजहरुल हक आणि महंमद अली जीना या मुस्लिम सभासदांनी त्यांना पाठिंबा दिला. पण खर्च फार होईल आणि लोक सक्तीला तयार नाहीत, असे सरकारचे म्हणणे पडले. काही हिंदी सभासदही विरोधात गेले. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. बाजूने तेरा मते पडली आणि विरुद्ध अडतीस. विधेयक बारगळले. आपण हरणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते. तरीही त्यांनी ते मांडले, कारण एकदा मांडलेला प्रश्न सभागृहाच्या कागदांत कायम राहतो आणि पुढची पिढी तो पुन्हा हाती घेते.

मधुमेह आणि अखंड श्रम यांनी त्यांचे शरीर पोखरले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, गोखल्यांच्या या गोष्टीत आलेले शब्द पुन्हा एकदा पाहा. हिशेब, जमा, खर्च, वसूल, रक्कम, सवाल. हे शब्द तुम्हाला परके वाटले का? नाही. आपल्या उर्दूतही ते आहेत. मराठीत ते अरबी-फारसीतून आले आणि येथलेच होऊन गेले. सरकारी पैशाचा हिशेब मागण्यासाठी लागणारी शब्दांची शिदोरी तुमच्याजवळ घरचीच आहे.

आज आपल्या जिल्ह्यातील परभणी, जिंतूर, गंगाखेड आणि पाथरी या चार मतदारसंघांतून आमदार निवडून जातात. विधानसभेत प्रश्नोत्तराचा तास असतो. मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते. विधिमंडळाच्या मंजुरीवाचून सरकारला खर्च करता येत नाही. खर्च झाल्यावर त्याची तपासणी होते आणि तिचा अहवाल लोकलेखा समितीपुढे येतो. गोखल्यांना जे मत मिळाले नव्हते, ते आज आपल्या प्रतिनिधींजवळ आहे. गावाच्या ग्रामसभेत तर तुमचे आईवडील स्वतः उठून विचारू शकतात की विहिरीसाठी आलेला पैसा कोठे खर्च झाला. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने कागदपत्रेही मागता येतात. पण अधिकार असून भागत नाही. आकडे वाचले पाहिजेत, बेरीज-वजाबाकी आली पाहिजे, आणि पुराव्याशिवाय बोलायचे नाही, एवढा संयमही पाहिजे.

गोखल्यांच्या विधेयकाचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत आणि सक्तीचे शिक्षण देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. विधेयक मांडले गेले, त्याला तोवर नव्याण्णव वर्षे झाली होती. अवघी तेरा मते मिळून हरलेल्या माणसाचा तो प्रश्न असा शंभर वर्षे टिकला. उद्या वर्गात गणिताचा तास सुरू झाला आणि टक्केवारीचे उदाहरण कंटाळवाणे वाटले, तर मिठाचे ते अडीच रुपये आठवा आणि उदाहरण पुरते सोडवा.