अंगणात भरलेली शाळा

आदिलाबादेत तेलुगू भाषिकांच्या तोंडूनही ‘अंगणवाडी’ हा शब्द ऐकला, की मला ताराबाई मोडक आठवतात. हा शब्द त्यांच्याच कार्यातून आला.

ताराबाई १८९२ साली मुंबईत जन्मल्या. पदवीधर झाल्या, राजकोटला शिकवू लागल्या आणि तेथून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्ना’तील शिक्षक आधी गोष्टीने वर्ग जिंकतो, मग मुलांच्या नखांकडे, कपड्यांकडे वळतो. माझ्या शाळेत वाढलेल्या नखांवर थेट छडी बसे. गोष्ट कधी आलीच नाही.

१९४५ साली ताराबाईंनी बोर्डीत बालवाडी काढली. अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील मुले तेथे येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. सोबत अनुताई वाघ होत्या. मुलांना न्हाऊ घालावे, केस विंचरावेत, नखे कापावीत आणि जोडीला गाणी-गोष्टी सांगाव्यात, असा तो क्रम. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत रुजले.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी सरकारी योजनेतून देशभर अंगणवाड्या निघू लागल्या.

आज सीमेवरच्या एखाद्या गावी मूल हात धुऊन गोष्ट ऐकायला बसलेले दिसले, की माझ्या तळहातावरची ती जुनी छडी अजून चुरचुरते.