ठिपक्यांत उत्क्रांती वाचणारा शास्त्रज्ञ

नवघर (भाईंदर) : गॅलरीतील चवळीच्या वेलावर मावा पडला की पाठोपाठ ढालकिडाही येतो. मावा फस्त करणारा हा चिमुकला कीटक म्हणजे शेतकऱ्यांचा मित्र. मात्र एकाच जातीच्या ढालकिड्यांच्या पाठीवरील नक्षी निरनिराळी का असते? या साध्या प्रश्नातून एका थोर शास्त्रज्ञाची जडणघडण झाली. त्यांचे नाव थिओडोशियस डोबझान्स्की.

युक्रेनमधील नेमिरिव्ह येथे २५ जानेवारी १९०० रोजी एका गणित शिक्षकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपणीचा फुलपाखरांचा छंद पुढे ढालकिड्यांकडे वळला. १९१८ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तोही ढालकिड्यांवरच.

'हार्मोनिया अ‍ॅक्सिरिडिस' या आशियाई जातीने त्यांना विशेष भुरळ घातली. यातील काहींच्या तांबूस-पिवळ्या पाठीवर काळे ठिपके असतात, तर काहींच्या काळ्या पाठीवर लाल डाग. हे सारे प्रकार आपसांत प्रजनन करतात. डोबझान्स्की यांनी ठिकठिकाणचे नमुने तपासले. सैबेरियाच्या पश्चिम भागात एकच काळा प्रकार जवळपास सर्वत्र आढळला. पूर्वेकडे चीन-जपानच्या दिशेने त्याचे प्रमाण घटत गेले आणि इतर प्रकार वाढले. प्रदेशागणिक बदलत होते ते आनुवंशिक गुणांचे प्रमाण. हाच विचार त्यांच्या १९३७ च्या 'जेनेटिक्स अँड द ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाच्या मुळाशी आहे.

१९२७ मध्ये ते थॉमस मॉर्गन यांच्याकडे फळमाशीवर संशोधन करण्यासाठी अमेरिकेत गेले आणि तेथेच स्थायिक झाले. मायदेशी मात्र आनुवंशिकीवर संकट कोसळले. निकोलाय वाविलोव्ह यांच्यासारख्या शास्त्रज्ञाला १९४३ मध्ये तुरुंगात मृत्यू आला.

ढालकिड्यांचे कोडे त्यांच्या शिष्याने पुढे नेले. दोन नक्षींच्या संकरातून जन्मलेल्या किड्यात दोन्हींचे काळे भाग एकत्र उमटतात, हे तान च्या-चेन यांनी १९४६ मध्ये मांडले. या नक्षीभेदामागे 'पॅनियर' नावाचे जनुक असल्याचे २०१८ मध्ये सिद्ध झाले.

किड्यांतून मिळालेला धडा डोबझान्स्की यांनी माणसालाही लागू केला. विविधता हे प्रत्येक जातीचे भांडवल आहे. भिन्न असणे म्हणजे हीन असणे नव्हे, असे ते आग्रहाने मांडत. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला त्यांनी शास्त्राच्या आधारे विरोध केला. १८ डिसेंबर १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे त्यांचे निधन झाले.

वेलावरचा ढालकिडा पुन्हा दिसला, तर त्याचे ठिपके जरूर मोजावेत. शेजारच्या पानावरील त्याच्याच भाऊबंदाची नक्षी कदाचित निराळी असेल.