सालारजंग पहिले : मक्तेदारांच्या तावडीतून तालुके सोडवणारे दिवाण

जवळा बाजारच्या माणसाचं तहसीलचं काम औंढा नागनाथला आणि कलेक्टर कचेरीचं हिंगोलीला. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला, त्याआधी परभणीला जावं लागायचं. जिल्हा, तालुका, पगारी अधिकारी ही उतरंड आपल्या मराठवाड्यात कोणी बसवली, हे मात्र फार कमी जणांना माहीत आहे. ते होते हैदराबादचे दिवाण मीर तुराब अली खान, म्हणजेच सालारजंग पहिले.

त्यांचा जन्म १८२९ चा. घराणं दिवाणांचं. १८५३ साली चुलते सिराज-उल-मुल्क वारले आणि अवघ्या चोविसाव्या वर्षी दिवाणी त्यांच्याकडे आली. तिजोरी रिकामी होती. फौजेच्या थकलेल्या खर्चापायी वऱ्हाड नुकतंच इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं.

खरा रोग गावागावांत होता. त्या काळी तालुक्याचा वसूल मक्त्याने दिला जायचा. जो सरकारला जास्त रक्कम कबूल करेल, तो तालुकदार. मग दिलेला पैसा तो रयतेकडून दामदुपटीने काढायचा. काही तालुके तर कर्जापोटी सावकारांकडे आणि अरब जमादारांकडे गहाण पडलेले. हे जमादार कर्जदाराला स्वतःच्या कैदेत डांबायचे. वसूल करणारा तोच, शिक्षा देणाराही तोच. शेतकऱ्याने फिर्याद न्यायची कुठे?

सालारजंगांनी घाई केली नाही. गहाण पडलेले तालुके एकेक करून सोडवले. मक्तेदार हटवून तिथे पगारी तालुकदार नेमले. वसुली हातची गेलेल्या देशमुख-देशपांड्यांना रुसूम, म्हणजे ठरावीक रोख रक्कम, बांधून दिली. म्हणजे त्यांचा विरोधही मावळला आणि रयतही सुटली. १८६५ साली जिल्हाबंदी झाली. राज्याचे जिल्हे पाडले, जिल्ह्यावर अव्वल तालुकदार आणि तालुक्यावर तहसीलदार बसवला. पोलिसांचं खातं उभं राहिलं, न्यायासाठी मुन्सफ आणि मीर अदल आले. जमादारांच्या खासगी कैदा बंद पाडल्या. जागोजागच्या टांकसाळींची गडबड थांबवून हाली सिक्का चालू केला. शिकलेले अधिकारी लागणार म्हणून दार-उल-उलूमची स्थापनाही त्यांच्याच काळातली.

ज्यांची कमाई बुडाली, ते गप्प बसतील कसे? दरबारातही त्यांना विरोधक कमी नव्हते. १८५९ आणि १८६८ असे दोनदा त्यांच्यावर जीवघेणे हल्ले झाले. दोन्ही वेळा ते वाचले आणि काम चालूच राहिलं.

त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८५७ साली ते इंग्रजांच्या बाजूने राहिले. रेसिडेन्सीवर चालून गेलेल्या तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांना त्यांनी साथ दिली नाही. त्या निष्ठेच्या बदल्यात १८६० साली धाराशिव आणि रायचूरकडचा मुलूख परत मिळाला, पण वऱ्हाड नाही. वऱ्हाडासाठी ते अखेरपर्यंत झगडले. १८७६ साली विलायतेलाही जाऊन आले, तरी हाती काही लागलं नाही.

सुधारणाही अर्ध्यावर थांबल्या. जहागिरी आणि निजामांची खासगी जमीन या व्यवस्थेच्या बाहेरच राहिली. तिथली रयत जहागीरदाराच्या मर्जीवरच जगत होती. महसूल आणि न्याय हे दोन्ही एकाच अधिकाऱ्याच्या हाती असणं जिल्ह्यांत पुढेही बरीच वर्षं चाललं. हैदराबाद राज्यात न्यायखातं कारभारापासून पूर्ण वेगळं झालं ते १९२१ साली. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने सालारजंग वारले, तेव्हा त्यांचं वय ५४ होतं.

आज मक्ता नाही, पण फेरफार किंवा दाखल्यासाठी दलालाला पैसे मोजणारे घरोघरी आहेत. दलालही त्या मक्तेदारासारखाच माणूस आणि सरकार यांच्या मधे उभा राहून खातो. फरक एवढाच, की आज आपल्या हाती कायदा आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला ठरल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क झाला. मुदत टळली तर अपील करता येतं. अर्जाची पोच मात्र मागून घ्यायची. कोणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. कोर्टाची पायरी चढायला पैसे नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि गरिबांना मोफत वकील मिळतो.

सालारजंगांनी मधला माणूस हटवला तो जीव धोक्यात घालून. आपल्याला तर फक्त पोच मागायची आहे.