श्रीगाडगेमहाराज आणि त्यांचा खराटा

वऱ्हाडात अंजनगाव सुर्जीच्या बाजूला शेंडगाव नावाचे खेडे आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी जानोरकर या परटाच्या घरी, सखूबाईंच्या पोटी, एक मुलगा जन्मास आला. नाव ठेवले डेबूजी. दुसऱ्यांचा मळ धुऊन काढणे हा ज्या घरचा पिढीजात धंदा, त्या घरचे हे मूल पुढे गाडगेमहाराज म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाले.

त्यांचे सगळे चरित्र येथे सांगण्याचा आमचा विचार नाही. ते शाळेतल्या पोरांनाही थोडेबहुत पाठ असते. परंतु आमच्या सांप्रदायिक मंडळींत एक शंका अजूनही अधूनमधून निघते, ती अशी की गाडगेबाबा हे वारकरी होते काय? पंढरीला ते वर्षानुवर्षे जात, पण देवळात पाऊल टाकीत नसत. कीर्तन करीत, पण आमच्या रीतीने एक अभंग घेऊन त्याचे निरूपण करीत नसत. कुणाला शिष्य केले नाही, कुणाला पाया पडू दिले नाही. मग त्यांना कोणत्या रांगेत बसवायचे? या शंकेचे उत्तर आमच्या मते त्यांच्या हातातल्या खराट्यात आहे.

बालपण हालाचेच गेले. बाप दारूपायी लवकर वारला आणि मायलेकरे मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे या गावी आजोळी आली. पूर्णेच्या खोऱ्यातली ती काळी, खारपाण जमीन. डेबूजी तेथे गुरे राखू लागले, नांगर धरू लागले, पेरणी-कापणीत तरबेज झाले. गोठ्यातले शेण अंगणात पडून राहिले तर घाण आणि उकिरड्यावरून शेतात गेले तर सोने, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवावे लागत नाही. जगातल्या पुष्कळशा घाणीचे हे असेच आहे, ती फक्त चुकीच्या जागी पडलेली असते. पुढे सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गेली. हे दुःख त्यांच्या मनातून कधी गेले नाही. कर्ज काढून सण करू नका, लग्ने करू नका, हे ते कीर्तनातून जन्मभर सांगत राहिले त्याचे मूळ या जमिनीत आहे.

१८९२ साली लग्न झाले, कुंताबाई घरी आल्या. मुलगी झाली तेव्हा बारशाला जातभाईंना दारू आणि मटण घालायचे असा रिवाज होता. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. जातीत कुजबुज झाली, पण ते बधले नाहीत. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले.

घर सोडणारे आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. कुणी काशीला जातो, कुणी हिमालयात. हे गेले खेड्यापाड्यांत, आणि जाताना त्यांनी जो वेष घेतला तो नीट पाहण्यासारखा आहे. अंगावर लोकांनी टाकून दिलेल्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र, म्हणून कुठे त्यांना चिंधेबुवा म्हणत, कुठे गोधडेबुवा. हातात मातीच्या गाडग्याचे फुटके खापर, तेच जेवायचे ताट आणि तेच पाणी प्यायचे भांडे. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. पायांत दोन निराळ्या जोडांतल्या दोन वहाणा. अहो, या सबंध वेषात विकत आणलेली वस्तू एकही नाही! गावाने उकिरड्यावर फेकले ते ह्या पुरुषाने अंगावर घेतले. गाडगे फुटले तर त्याची माती होते, चिंधी कुजली तर तीही मातीत जाते; हा मनुष्य जगात पन्नास वर्षे हिंडला आणि मागे कचरा म्हणून काही ठेवले नाही.

दिनक्रम असा होता. सकाळी एखाद्या गावात शिरायचे. वेशीपासून रस्ता झाडायला लागायचे. गटार तुंबलेले दिसले की कुदळ, फावडे कुणाकडून तरी मागून घेऊन ते मोकळे करायचे. हा कोण वेडा म्हणून पोरे मागे लागत. मग कुणी म्हातारा विचारपूस करी, कुणाला लाज वाटून तो टोपले घेऊन येई, आणि दुपारपर्यंत निम्मे गाव हाताशी लागलेले असे. काम केल्यावाचून ते भाकरी घेत नसत. रात्री त्याच झाडलेल्या जागी कीर्तन, आणि सकाळी लोक उठून पाहतात तो बुवा पुढच्या गावी गेलेले.

आम्ही स्वतः परंपरेच्या पाठशाळेत शिकलो. तेथे पतंजलींचे योगसूत्र शिकताना नियमांत पहिला नियम शौच, हे आम्हांला घोकावे लागले. पाण्यात मलमूत्र किंवा थुंकी टाकू नये, हेही आमच्या स्मृतिग्रंथांत स्पष्ट सांगितलेले आहे. ज्ञान काही कमी नव्हते. पण आम्ही पढिक लोकांनी शौच म्हणजे आपल्यापुरते स्नान, आपल्यापुरते सोवळे, असा अर्थ धरला. आणि गावचे शौच ज्यांच्यावर सोपवले त्यांनाच देवळाच्या पायरीशी अडवले. गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती म्हणतात, परंतु त्या सूत्राचे भाष्य त्यांनी रस्त्यावर केले, असे आम्हांला वाटते.

पंढरीची गोष्ट तर आम्हां वारकऱ्यांच्या फारच जवळची. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी पंढरपूरच्या यात्रेत पटकीची साथ वारंवार उठे, आणि यात्रेकरू घरी परतताना ती गावोगाव घेऊन जात. विठोबाला भेटून आलेला माणूस चार दिवसांत जाई, आणि त्याच्या मागून शेजारीपाजारी. हा काही देवीचा कोप नव्हता. कॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यास तपासणी करून पटकीचा जंतू निश्चित केला, आणि रोग्याच्या विष्ठेतून तो पाण्यात, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात कसा जातो हे पुढे सर्वांना कळले. आता चंद्रभागेचे वाळवंट डोळ्यांसमोर आणा. लाखो माणसे तेथेच बहिर्दिशेला बसत, तेथेच स्नान करीत आणि त्याच पाण्याचे तीर्थ घेत. बाबांनी जंतू पाहिला नव्हता. पण सगळे जग देवळाच्या बारीत उभे असता हा एक मनुष्य वाळवंटात खराटा घेऊन फिरत होता. त्यांनी दर्शन घेतले नाही असे कुणी म्हणाले की आम्ही विचारतो, बुवा, दर्शनाला आलेल्यांचे जीव कोण राखत होते?

आणि देवळात न जाण्याला आणखीही एक बाजू आहे. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारापुढे आहे, त्यांच्या जातीच्या वारकऱ्यांना १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केले तोपर्यंत आत प्रवेश नव्हता. राहायला जागाही मिळत नसे. म्हणून बाबांनी १९२० च्या सुमारास त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधवली, आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली.

कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, वऱ्हाडी बोलीत, आणि उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घेत. मध्ये गोपाळाच्या नावाचा गजर. तुकोबारायांना ते गुरुस्थानी मानीत. देवदेवतांवर त्यांची टीका कधीकधी अशी कडक होई की ती सगळीच्या सगळी आमच्या गळी उतरत नाही, हे येथे मोकळेपणाने सांगतो. पण जत्रेत बोकड-कोंबडे मारण्याविरुद्ध ते जे बोलत त्यापुढे आमचे मस्तक लवते. नवस माणसाने करायचा आणि मान मुक्या जनावराने द्यायची, हा कुठला न्याय, असा त्यांचा रोख असे. त्यांच्या सांगण्याने कित्येक जत्रांतला सुरा खाली ठेवला गेला. मूर्तिजापूरला १९२५ च्या सुमारास त्यांनी गोरक्षणाचे कामही उभे केले.

गोरक्षणाचे नाव निघाले म्हणून सांगतो. हल्ली गावोगावी गाय कशाने मरते ते पाहा. उरलेले अन्न आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कोपऱ्यावर टाकतो. गाय वासाने पिशवीसकट गिळते. ते प्लॅस्टिक पोटात पचत नाही, बाहेरही पडत नाही, साठून त्याचा गोळा होतो आणि जनावर अन्नावाचून झुरून जाते. सुरा दिसत नाही, एवढाच फरक. बाबांच्या काळचा कचरा म्हणजे पाचोळा, राख, शेण, खापर, पळसाच्या पत्रावळी. खराट्याने एका जागी केला की पुढचे काम माती करी. आजचा कचरा मातीला खाता येत नाही. महाराष्ट्रात २०१८ साली पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या कित्येक वस्तूंवर आली. कायदा झाला. पण सप्ताहाच्या काल्यानंतर मंडपामागे जाऊन पाहावे, कायदा कुठे आहे तो! पालखीच्या वाटेवर हल्ली फिरत्या शौचालयांची सोय असते, सेवेकरी राबतात, त्याचे पुण्य त्यांना आहेच. आमच्या दिंडीने आपल्यापुरते एवढे केले आहे की ज्याच्या पडशीत स्वतःचे ताट-तांब्या नाही त्याला पंगतीत घेत नाही. पहिल्या वर्षी चारदोन जण रुसले. आता विणेकऱ्याच्या पडशीतही थाळी खडखडते.

२३ फेब्रुवारीला मात्र आम्ही एक चमत्कारिक दृश्य पाहतो. आधीच झाडलेला रस्ता, त्यावर नवे कोरे झाडू, पांढरे कपडे आणि छायाचित्र. पाच मिनिटांत जयंती संपते. राज्यात २०००-०१ पासून बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, त्यात काही गावांनी खरोखर मनापासून काम केले आणि बक्षिसेही मिळवली. परंतु बाबा दुसऱ्याच्या दारातली घाण उचलीत आणि बक्षीस घ्यायला थांबत नसत, हेही विसरू नये.

घाट आणि धर्मशाळा यांचे तर मोजमाप नाही. आरंभ झाला तो ऋणमोचनपासून. पूर्णेच्या काठी पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. नदीचा काठ चिकण मातीचा आणि उभा. म्हाताऱ्याकोताऱ्या, कडेवर पोर घेतलेल्या बायाबापड्या घागरीसकट घसरत. बाबा कुदळ-फावडे घेऊन त्या उतारावर पायऱ्या खोदीत राहिले, पावले पडून त्या मोडल्या की पुन्हा खोदीत राहिले. पुढे लोकांनी पैसा पुढे केला आणि १९०८ साली पक्का घाट झाला. आधी स्वतःचे हात, मग लोकांचे हात, मग पैसा, हा क्रम त्यांनी पुढेही मोडला नाही. नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर, मुंबईत दवाखान्यांत येणाऱ्या गोरगरीब रोग्यांच्या नातलगांसाठी, अशा धर्मशाळा होत गेल्या. अन्नछत्रे, शाळा, वसतिगृहे झाली. १९५२ साली मिशनची स्थापना झाली. या कशावरही घरच्या माणसांचा हक्क त्यांनी ठेवला नाही. स्वतः कुठल्या धर्मशाळेच्या खोलीत राहिले नाहीत. बाहेर, झाडाखाली, वळचणीला.

१९२३ साली त्यांचा मुलगा गोविंदा गेला. बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनाला उभे होते. ते कीर्तन त्यांनी पुरे केले. आम्ही चाळीस वर्षे कीर्तनाला उभे राहत आलो आहोत, म्हणून या एका रात्रीविषयी जास्त लिहवत नाही.

१९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्यास पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित आहे, त्यांचा आवाज आजही ऐकायला मिळतो. ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी अवश्य ऐकावा. शरीर थकले होते. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांनी देह ठेवला. घर नव्हतेच, तेव्हा घरी पोचायचे राहिले असे म्हणता येत नाही. देह अमरावतीला आणून तेथे अंत्यविधी झाला. त्या जागेभोवती पुढे वस्ती वाढली, तिला आज गाडगेनगर म्हणतात.